नेट अडलं तरी स्क्रॅच चाललं

बेळगावजवळच्या येळ्ळूर परिसरातल्या आमच्या मराठी शाळेत नेट मंद पडलं की स्क्रॅच या, मुलांनी ठोकळे जोडून हलत्या गोष्टी बनवायच्या साइटवरचा तयार पात्रांचा चित्रसंग्रह उघडायचाच नाही. पात्रच नाही, तर गोष्ट कसली? उपाय स्क्रॅचमध्येच सापडला. पान एकदा पूर्ण उघडलं की टॅब बंद करायचा नाही, रिफ्रेशही नाही आणि पात्रं स्क्रॅचमधल्याच 'पेंट'मध्ये मुलांनीच काढायची. त्याला नेट लागत नाही. कुणी राजहंसगड काढला, कुणी भाताची मळणी. स्क्रॅचच्या तयार मांजरापेक्षा मला ही चित्रं कितीतरी जास्त आवडतात. लॉगिन नसेल तर काम आपोआप साठत नाही, म्हणून अधूनमधून फाइल मेनूतून 'सेव्ह टू युअर कॉम्प्युटर' करायचं. करंट गेला तरी पुढच्या तासाला तीच साठवलेली स्क्रॅचची फाइल (एसबी३) उघडून पुढे चालू.