हॅट-कॅपचं मॉडेलिंग करायचंय? आधी टेप घ्या

टोप्यांचं मॉडेलिंग म्हटलं की नवीन लोक पहिला प्रश्न उंचीचा विचारतात. अरे पण फ्रेम बहुतेक वेळा खांद्यावरच संपते, उंची बघणार कोण! इथे बघतात डोक्याचं माप. भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून आणि मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर आहे तिथून टेप फिरवायची. शूटला येणाऱ्या सॅम्पल टोप्या साधारण ५६ ते ५८ सेंटीमीटरच्या आसपास असतात, टोपी मोठी झाली तर आतून फोमची पट्टी लावून भागतं पण लहान पडली तर कुणीच काही करू शकत नाही, म्हणून माप खरं तेच कळवा.

एजन्सीला पाठवायचे फोटो साधे हवेत, मेकअप नको, केस मागे बांधलेले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. सोबत एखादी रुंद काठाची हॅट, एक कॅप, एक बीनी (डोक्याला बसणारी, बिनकाठाची विणलेली टोपी) घालून काढलेले जोडा म्हणजे कुठला आकार चेहऱ्याला शोभतो ते त्यांना दिसतं.

खरं काम आहे सावलीचं. काठाची सावली थेट डोळ्यांवर पडते, मग आपण हनुवटी वर करतो आणि लगेच काठाची खालची बाजूच दिसायला लागते, हॅटचा आकार गेला! हे मधलं माप मानेला सापडेपर्यंत खिडकीच्या उजेडात आरसा घेऊन बसायचं. फोटोग्राफर खालून रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवणारा बोर्ड, देतो, पण मान त्याची नाही ना.

सेटवर फेल्ट हॅट (दाबून बनवलेल्या लोकरीसारख्या कापडाची) माथ्यावरच्या दाबलेल्या चिमटीला धरून उचलू नका, तिथला आकार बिघडतो, काठाला धरा. ठेवताना उलटी ठेवा. कपाळावर फाउंडेशन कमीच, आतल्या पट्टीला डाग पडला तर स्टायलिस्ट पुढच्या वेळी तुमचं नाव सुचवणार नाही. घट्ट बीनीने कपाळावर लाल वळ उठतो, त्यामुळे सैल टोप्या आधी घेऊया का असं विचारायला लाजू नका. आणि हो, लोकरीच्या टोप्यांचं शूट बऱ्याचदा भर उन्हाळ्यात असतं, टिश्यू जवळ ठेवा.

पैशांचं बोलताना फोटो कुठे आणि किती काळ वापरणार हे लेखी घ्या. काम देण्याआधीच रजिस्ट्रेशन फी मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. नुसत्या टोप्यांवर महिना निघणं अवघडच, चष्मे, कानातले, हेअर प्रॉडक्ट यांच्या कास्टिंगलाही जात रहा, तिथेही चेहराच लागतो.