फ्रायबर्गला मास्टर्स करायचंय? आधी गाव समजून घ्या

तिकीट काढताना नीट बघा. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळचं ते मोठं, प्रसिद्ध शहर म्हणजे फ्रायबुर्ग. आपलं फ्रायबर्ग जर्मनीच्या दुसऱ्या टोकाला सॅक्सनी राज्यात आहे, ड्रेस्डेन आणि केम्निट्झच्या मधल्या रेल्वेमार्गावर, एर्झगेबिर्ग डोंगरांच्या उतारावर. वस्ती जेमतेम 40 हजार. उंची साधारण 400 मीटर, त्यामुळे कधी कधी ड्रेस्डेनला नुसता पाऊस असतो आणि इथे बर्फ. बूट इथे येऊनच घ्या.

या गावाचं सगळं नशीब जमिनीखाली ठरलं. 1168 च्या सुमारास इथे चांदीचं खनिज सापडलं. इथला सरंजामी शासक (मार्गग्राफ) ओटो याने खणायची मोकळीक दिली आणि स्वतःचा हिस्सा ठेवला; लोक त्याला पुढे 'श्रीमंत ओटो' म्हणू लागले. ओबरमार्क्ट चौकातल्या कारंज्यावर तोच उभा आहे. सात वर्षांच्या युद्धाने सॅक्सनीची तिजोरी रिकामी केली, ती भरायची तर खाणी नीट चालवणारी माणसं हवीत, म्हणून 1765 मध्ये बेर्गअकाडेमी, म्हणजे खाणकामाची अकादमी, निघाली. तेच आपलं विद्यापीठ. प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ आणि प्रवासी हुम्बोल्ट 1791 मध्ये इथे शिकायला आला होता. इंडियम हे मूलद्रव्य 1863 मध्ये इथेच सापडलं. 1886 मध्ये क्लेमेन्स विंकलरने जवळच्याच खाणीतल्या खनिजातून जर्मेनियम वेगळं केलं, म्हणजे मेंडेलेव्हने आपल्या आवर्त सारणीत आधीच जागा राखून ठेवलेलं मूलद्रव्य. प्राध्यापक हे पहिल्या आठवड्यातच ऐकवतात, आणि ईमेलच्या शेवटी 'ग्लुक आउफ' हा खाणकामगारांचा नमस्कार लिहितात. तुम्हीही लिहा, खूश होतात.

जर्मनीने 1870 च्या दशकात सोन्याचं चलन स्वीकारलं, चांदीचा भाव कोसळला आणि 1913 मध्ये खाणी थांबल्या. पुढे शिसं आणि जस्तासाठी पुन्हा सुरू झाल्या, 1969 मध्ये कायमच्या बंद पडल्या. राइशे त्सेखे ही जुनी खाण आता विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे. लिफ्टच्या पिंजऱ्यातून दीडशे मीटर खाली उतरलं की बारा महिने गारवा, भिंतींवरून ठिबकणारं पाणी आणि हेल्मेटच्या दिव्यात चमकणारी शिशाची शीर. शाखा कुठलीही असो, एकदा उतराच.

शतकानुशतकं धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. शेजारच्या हाल्सब्र्युकेची 140 मीटर उंच चिमणी 1889 मध्ये उभी राहिली, कारण धुराने पिकं आणि झाडं जळत होती. होस्टेलमागच्या तुकड्यात मी मेथी पेरायला निघाले, तर पलीकडच्या आजोबांनी कुंपणावरूनच थांबवलं: कुंडीत लाव, आणि माती दुकानातून आण. इथल्या मातीत शिसं आणि आर्सेनिक मुरलेलं आहे. बागेचा तुकडा भाड्याने घेणार असाल, तर पालेभाजी लावण्याआधी माती तपासून घ्या.

आता पोटापाण्याचं. खाणी गेल्या तरी धातू शुद्ध करण्याचं कसब गावात टिकलं. पूर्व जर्मनीच्या काळात इथे अर्धवाहक (सेमीकंडक्टर) पदार्थांचा सरकारी कारखाना होता. त्याच परंपरेतून आज सिल्ट्रॉनिक ही कंपनी सिलिकॉनच्या वेफर, म्हणजे चिप बनवायच्या पातळ चकत्या, बनवते आणि फ्रायबर्गर कंपाउंड मटेरियल्स गॅलियम आर्सेनाइडच्या. ड्रेस्डेनचे चिप कारखाने ट्रेनने साधारण 40 मिनिटांवर. सोलरच्या नावाने मात्र हुरळून जाऊ नका. सोलर पॅनेल बनवणारी सोलरवर्ल्ड दिवाळखोरीत गेली, तिच्या जागी आलेल्या मायर बुर्गरनेही 2024 मध्ये इथलं मॉड्यूलचं उत्पादन बंद केलं. चिनी पॅनेलच्या भावापुढे टिकाव लागला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भूगर्भशास्त्र, खाणकाम, धातुशास्त्र, रिसायकलिंग किंवा सेमीकंडक्टर मटेरियल्स हा तुमचा विषय असेल, तर इतक्या लहान गावात इतकं काम दुसरीकडे मिळणं कठीण. नुसतं कॉम्प्युटर किंवा मॅनेजमेंट करायचं असेल तर सरळ मोठं शहर गाठा. इथे संध्याकाळी आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि वीकेंडच्या पार्टटाइम नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

हिवीची (विद्यार्थी सहाय्यकाची) कामं विद्यापीठात आणि 2011 मध्ये सुरू झालेल्या हेल्महोल्ट्झ संसाधन-तंत्रज्ञान संस्थेत निघतात. ती बऱ्याचदा जाहिरातीआधीच ओळखीतून भरली जातात, तेव्हा लॅबच्या दारावर जाऊन विचारायची लाज बाळगू नका. तिथे इंग्रजी चालतं. कारखान्यात थिसिस करायचा असेल तर बी1 (मध्यम पातळी) पर्यंतचं जर्मन भारतातच उरकून या, कारण सेमिस्टर सुरू झालं की क्लासला वेळ काढणं मुश्किल होतं.