तीनचाकी स्पोर्ट्स कारमध्ये कोणती हत्यारं ठेवावीत?

मॉर्गन थ्री व्हीलरसारख्या गाडीत सामानाला जागा जवळपास नाहीच, आणि मोठ्या व्ही-ट्विनच्या, म्हणजे इंग्रजी V आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या, हादऱ्यांनी नटबोल्ट सैल होतात. म्हणून तयार टूलकिट विकत घेऊ नका. घरीच गाडीवर फिरून एकेक नट पाना लावून पाहा. जो पाना कुठेच बसत नाही तो बाहेर.

२०११ नंतरच्या १९८३ सीसी मॉडेलला हे फार उपयोगी पडतं. एस अँड एस कंपनीचं इंजिन अमेरिकन, त्यामुळे तिथे इंची माप. गिअरबॉक्स मझदाचा, तिथे मेट्रिक. दोन्ही मापांतले फक्त लागणारे पाने आणि अ‍ॅलन की कापडी गुंडाळीत बांधून सीटमागे ठेवा. खडखडाटही होत नाही.

सोबत एवढं असू द्या:
१. फ्यूज, केबल टाय, थोडी तार, इन्सुलेशन टेप, थ्रेडलॉकची (नटबोल्ट सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाची) छोटी बाटली.
२. नेहमी गळून पडणाऱ्या मापाचे चार-सहा नटबोल्ट.
३. हवेचा छोटा पंप आणि पंक्चरचं सामान. पुढच्या स्पोकच्या चाकांत ट्यूब असेल तर ट्यूबलेसचा प्लग तिथे कुचकामी. जादा ट्यूबच हवी.
४. मागच्या एक्सलच्या नटाचं सॉकेट आणि लांब दांडा. मागे चाक एकच, शिवाय गाडी पुढे ढकलणारा बेल्टही त्यालाच. हे सॉकेट सहसा कुणाकडे उसनं मिळत नाही.

सायलेन्सर उघडेच असतात. पाना लावण्याआधी ते पूर्ण गार होऊ द्या, हात सहज भाजतो.