पेट्रोलच्या वाफेची बारीक गळती: आधी भोक शोधा, मग पार्ट मागवा

गाडीतला बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४५६ किंवा पी०४४२ हा वाफेच्या गळतीचा कोड दिसला की लोक लगेच पार्ट मागवतात. कृपा करून तसं करू नका. पी०४५६ म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरचं भोक, पी०४४२ म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास. ते कुठे आहे, हे कोड सांगत नाही. मात्र पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा गाडीखाली थेंब दिसत असतील, तर घरी काही न करता गाडी टो करून गॅरेजला पाठवा.

सुरुवात पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापासून. इथे न्यू जर्सीत १९४९च्या कायद्यामुळे पेट्रोल आपण भरत नाही, गॅस स्टेशनवरचा माणूस भरतो. त्यामुळे झाकण नीट लागलं का, हे आपण बघतच नाही. उतरून बघा, टकटक वाजेपर्यंत फिरवा. झाकणाच्या रबरी रिंगवरून नख फिरवा. बारीक भेग डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. रिंग गेली असेल तर मूळ कंपनीचंच झाकण घ्या. रिंग टेकते ती कडाही चाचपा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने टाकीत पेट्रोल भरायची नळी गंजते, आणि गंजते ती चाकाच्या वरच्या प्लास्टिकमागे, लपलेल्या जागी.

मग पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे कॅनिस्टरमध्ये (पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात) साठलेली वाफ इंजिनात सोडणारी झडप. इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ठेवून त्याचा विजेचा कनेक्टर काढा, कॅनिस्टरकडची नळी सोडवा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर माझा पहिला संशय यावरच.

एवढ्यावर सापडलं नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या, म्हणजे नळ्यांमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं. टॉर्चच्या उजेडात चिरलेल्या नळीतून धुराची बारीक रेघ निघताना स्पष्ट दिसते. टायरचा कंप्रेसर टाकीला कधीही लावू नका. स्मोक टेस्ट एक पीएसआयपेक्षाही कमी दाबाखाली होते. आणि नळीला टेप गुंडाळू नका, पेट्रोलच्या वाफेसाठी बनलेली नळीच बसवा.

कोड पुसल्यावर टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा आणि गाडी रात्रभर गार होऊ द्या, तरच गाडीचा कॉम्प्युटर गळतीची स्वतःची चाचणी पुन्हा घेतो. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी कोड पुसू नका; कॉम्प्युटरच्या या चाचण्या (मॉनिटर) पूर्ण होऊन ‘रेडी’ दिसायला वेळ लागतो. आणि नोझल एकदा बंद पडला की आणखी भरू नका, असं पेट्रोल भरणाऱ्या माणसाला आधीच सांगा. जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये गेलं की त्यातला कोळसा भिजतो, आणि मग अख्खा कॅनिस्टर बदलावा लागू शकतो.