लायब्ररींची सॉर्ट होणारी यादी बनवताय? या चुका टाळा

पहिली चूक कोड लिहिण्याआधीच होते: दोन-तीनशे कोड लायब्ररींच्या (प्रोग्रामिंगसाठीच्या तयार कोडच्या संचांच्या) वेबपानावरच्या यादीसाठी थेट रिअ‍ॅक्टसारखं मोठं फ्रेमवर्क आणि डेटाबेस यांचा घाट घालणं. एवढ्या ओळी ब्राउझर सहज पेलतो. माहिती एका जेसन फाइलमध्ये (डेटा साठवायची साधी मजकूर फाइल) ठेवा, ह्यूगो किंवा इलेव्हंटी या तयार पानं बनवणाऱ्या साधनांनी त्यातून साधं एचटीएमएल टेबल तयार करा आणि सॉर्टिंगपुरती छोटी जावास्क्रिप्ट जोडा. स्क्रिप्ट बंद पडली तरी यादी वाचता आली पाहिजे. माझ्या मते बाकी सगळं त्यानंतर येतं.

खरी गफलत सॉर्टिंगमध्ये होते. तुलनेचं फंक्शन दिलं नाही, तर जावास्क्रिप्ट आकड्यांनाही मजकूर समजते. मग १० हा ९ च्या आधी येतो आणि १.१०.० ही आवृत्ती १.९.० पेक्षा जुनी ठरते. कॅपिटल अक्षरं स्मॉल अक्षरांच्या आधी लागत असल्याने कॅपिटल व्हीची व्ह्यू (Vue) ही लायब्ररी स्मॉल एच्या अ‍ॅक्सिओसच्या (axios) वर जाऊन बसते. नावांसाठी इंटल कोलेटर (Intl.Collator) हे जावास्क्रिप्टमधलंच तुलनेचं साधन वापरा. त्याचा न्यूमेरिक पर्याय आवृत्त्यांनाही बराच उपयोगी पडतो, पण १.०.०-अल्फा ही १.०.० च्या आधीची, हे त्याला कळत नाही. तिथे आवृत्त्यांची तुलना करणारं सेमव्हर (semver) हे पॅकेजच घ्या.

रिकाम्या रकान्यांकडेही लक्ष द्या. डाउनलोडचा आकडा नसलेल्या ओळीत वजाबाकीचं उत्तर ‘नॅन’ (NaN, म्हणजे ‘आकडा नाही’) येतं, सॉर्ट ते शून्य धरतं आणि आजूबाजूच्या ओळींचा क्रमही बिघडतो. अशा ओळी मुद्दाम शेवटी ढकला. ‘१२ हजार’ किंवा ‘५ मार्च २०२४’ हे फक्त दाखवायला. सॉर्टसाठी मूळ आकडा आणि २०२४-०३-०५ असा दिनांक एचटीएमएलच्या डेटा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (data-, वाचकाला न दिसणारी नोंद) ठेवा.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे स्टार (लोकांनी दिलेली पसंती) वाचकाच्या ब्राउझरमधून मागवू नका. लॉगिनशिवाय गिटहबचं एपीआय (प्रोग्रामला माहिती देणारी सोय) एका आयपी पत्त्याला तासाला ६० विनंत्याच देतं, म्हणजे शंभर लायब्ररींची यादी पहिल्याच भेटीत अर्धवट राहते. साइट बिल्ड होताना (म्हणजे पानं तयार होताना) एकदाच आकडे आणा आणि ते कधी आणले ती तारीख पानावर लिहा.

पानं पाडली असतील, तर आधी पूर्ण यादी सॉर्ट करा, मग तुकडे करा. नाहीतर फक्त समोरच्या पंचवीस ओळी हलतात आणि वाचकाला तीच अख्खी यादी वाटते.

रकान्याच्या शीर्षकावर नुसतं क्लिक बसवलं, तर कीबोर्ड वापरणारे अडतात. आत खरं बटण ठेवा आणि अरिया-सॉर्ट (aria-sort) या एचटीएमएल अ‍ॅट्रिब्यूटने स्क्रीन रीडरला चढता-उतरता क्रम सांगा. निवडलेला क्रम यूआरएलमध्येही जाऊ द्या, म्हणजे लिंक पाठवली की सहकाऱ्याला तीच मांडणी दिसेल.