कोकणात जुना १२० फिल्मचा कॅमेरा घेताना
१२० म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा रुंद रोलफिल्म. दमट हवेत पहिली भीती लेन्समधल्या बुरशीची. कॅमेऱ्याची पाठ उघडा, शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) दाबून धरा आणि लेन्समधून टॉर्च मारा. जाळीसारखे धागे दिसले तर सौदा सोडा. साफ करून मिळते, पण काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर डाग राहतोच.

मग शटर १ सेकंदाच्या वेगावर ठेवून दाबा आणि आवाज ऐका. घरघर मध्येच अडकली, तर आतलं तेल घट्ट झालंय. दुरुस्तीचा खर्च किमतीतून कापून घ्या.

याशिका-मॅट १२४जी कमी खर्चात चांगला: ८० मिमी लेन्स, एका रोलवर ६×६ सेंमीचे १२ फोटो. उजेड मोजणारा मीटर बंद असला तरी बिघडत नाही, मोबाइलवरचं ॲप पुरतं. आगफा क्लिक-३ त्याहून स्वस्त, पण शटरचा वेग एकच.

पावसाळ्यात चामडी केस नकोच, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल.