हजार जनुकं सापडली तर लगेच हुरळू नका

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, भर पावसात, डिचोलीच्या घरी मी ‘आर’ ही आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घेतली. बायोकंडक्टरची, म्हणजे जनुकांच्या डेटासाठी ‘आर’मध्ये वापरायची पॅकेजेस उतरवताना तीनदा वीज गेली (गोव्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको). मग ‘जीओ’ (GEO) या जनुकांच्या डेटाच्या खुल्या भांडारातून एका आजाराचा डेटा घेऊन २०,००० जनुकांवर सरसकट टी-टेस्ट (रुग्ण आणि निरोगी यांच्या सरासरीत फरक आहे का, हे पाहणारी चाचणी) चालवली. हजारेक जनुकांची पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली आली. “आई, बायोमार्कर, आजाराची खूण मिळाली!” मी ओरडले. तांदूळ निवडत आई म्हणाली, “एक की हजार?”

तिचा प्रश्न बरोबर होता. २०,००० चे ५ टक्के म्हणजे १,०००. आजाराचा काहीच संबंध नसला तरी योगायोगाने एवढी जनुकं येणारच. एकाच वेळी अनेक चाचण्या केल्या की योगायोगाने येणारे निकाल आटोक्यात ठेवणारी बेंजामिनी-हॉकबर्गची १९९५ची दुरुस्ती लावली आणि यादी साफ झाली. एकही जनुक उरलं नाही.

दुसऱ्या डेटावर लिमा हे जनुकांमधला फरक तपासणारं पॅकेज वापरलं. या वेळी दुरुस्तीनंतरही शेकडो जनुकं टिकली. पीसीएच्या आलेखात (यात प्रत्येक नमुना एक ठिपका असतो आणि सारखे नमुने जवळ येतात) रुग्ण एका कोपऱ्यात, निरोगी दुसऱ्या कोपऱ्यात. मी खूश. सरांनी एवढंच सांगितलं, “रंग आजाराप्रमाणे नको, तारखेप्रमाणे भर.” ॲफिमेट्रिक्सच्या जनुक-चिपच्या कच्च्या डेटाच्या ‘सेल’ (CEL) फाइलमध्ये वरच्या ओळींतच स्कॅनची तारीख सापडते. रंग बदलले, पण ठिपक्यांचे गट तेच राहिले! रुग्णांचे सगळे नमुने एका दिवशी, निरोगींचे दुसऱ्या दिवशी. आजार कुठला आणि दिवसाचा फरक कुठला, हे मग कुठलंच सॉफ्टवेअर वेगळं करू शकत नाही. तीन आठवड्यांचं काम सोडून दिलं. रडले नाही, असं म्हणणार नाही.

तेव्हापासून चाचणीआधी मी नमुन्यांची चौकशी करते. ‘झिस्ट’ हे जनुक सहसा स्त्रियांमध्येच चालू असतं. ‘पुरुष’ लिहिलेल्या नमुन्यात ते ठळक दिसलं की चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी, असा संशय घ्यायचा. मला असे दोन सापडले.

आरएनए-सीक्वेन्सिंगचा (पेशीतले आरएनए वाचून मोजण्याचा) डेटा असेल तर डीईसेक२ या पॅकेजला कच्ची मोजणीच द्या, आधीच सामान्यीकृत केलेले आकडे नकोत. आणि जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. ‘सेप्ट२’ (SEPT2) या जनुकाच्या नावाची तिथे २ सप्टेंबर व्हायची, शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीनेच अशा जनुकांची नावं बदलली. जुन्या फाइलींत मात्र त्या तारखा अजून भेटतात.